नवा फोन आत्ता घ्यावा, की खरोखर वेगळ्या फोनसाठी थांबावे?

प्रश्न: चाळिशीच्या आसपासचे एक वाचक लिहितात की, पहिला स्मार्टफोन हाती आला तेव्हापासून त्यांना या उपकरणाची मनापासून आवड आहे. पूर्वी ते दर दोन वर्षांनी फोन बदलत, नव्या फोनच्या अनावरणाचे कार्यक्रम जागून पाहत आणि कोणता फोन घ्यावा हे मित्रमंडळी त्यांनाच विचारत. त्यांचा सध्याचा फोन चार वर्षांचा आहे. तो व्यवस्थित चालतो, पण बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही आणि स्टोरेज भरल्याची सूचना सारखी येत राहते. दर वर्षी ते नवी मॉडेल हाताळून पाहतात, आपल्या फोनशी ताडून पाहतात आणि यात वेगळे काय आहे, असे म्हणून तसेच परत येतात. त्यांनी विचारले आहे: "स्मार्टफोनमध्ये नवे काही घडायचे थांबले आहे का? कंपन्या तेच ते पुन्हा विकत आहेत का? खरोखर वेगळे काही येईपर्यंत मी थांबावे, पडदा मधून दुमडता येणारा घडीचा फोन घ्यावा, की कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फोनांना अजून थोडे स्थिरावू द्यावे? की माझाच उत्साह आटला आहे?"

उत्तर: तुमच्या पत्रातला एक प्रश्न तंत्रज्ञानाचा आहे, एक खरेदीचा आहे आणि शेवटचा, जो तुम्ही जाता जाता विचारला आहे, तो स्वतःविषयीचा आहे. हे तिन्ही एकमेकांत अडकल्यामुळे तुमचा निर्णय होत नाही, असे मला वाटते. काही वेगळे आले तरच फोन घ्यायचा, असा नियम तुम्ही स्वतःला घालून घेतला आहे. परंतु तुमची बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही, या अडचणीचा जगात कुठे काय नवे घडते आहे याच्याशी काडीचाही संबंध नाही. तेव्हा हे प्रश्न आधी सुटे करू या. सुरुवात तंत्रज्ञानापासून करते, कारण तुमची खरी खंत तिथेच आहे.

तुमचे निरीक्षण बरोबर आहे. फोन हातात घेतल्यावर पाच मिनिटांत जाणवणारे बदल खरोखरच कमी झाले आहेत आणि तसे म्हणणारे तुम्ही एकटे नाही. आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेच्या आकड्यांनुसार २०१६ मध्ये जगभरात सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन विक्रीसाठी रवाना झाले होते; २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ११७ कोटींवर आला. या घटीला महागाईपासून सुट्या भागांच्या टंचाईपर्यंत अनेक कारणे आहेत, पण हातातला फोन अजून पुरेसा चांगला आहे असे कोट्यवधी लोकांना वाटू लागले, हे त्यांतले एक मोठे कारण आहे. मात्र इथून पुढे, म्हणजे बदल कमी दिसतात म्हणून शोध थांबले आणि शोध थांबले म्हणून आपण थांबावे, या तुमच्या तर्काशी मी सहमत नाही.

ज्या वेगाशी तुम्ही आजची तुलना करता आहात, तो वेग मुळात किती असाधारण होता ते आठवून पाहा. जानेवारी २००७ मध्ये ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला, तेव्हा त्यात बाहेरची ॲप टाकता येत नव्हती, व्हिडिओ काढता येत नव्हता, मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे चिकटवता येत नव्हता आणि पुढच्या बाजूला कॅमेरा नव्हता. ॲप स्टोअर २००८ मध्ये आले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोनही बाजारात आला. व्हिडिओ आणि मजकूर चिकटवण्याची सोय आयफोनवर २००९ मध्ये आली, पुढचा कॅमेरा २०१० मध्ये आणि बोटाच्या ठशाने उघडणारा आयफोन २०१३ मध्ये आला. यांपैकी बहुतेक गोष्टी जगात आधीपासून होत्या. डिजिटल कॅमेरा होता, उपग्रहांच्या आधारे ठिकाण सांगणारी यंत्रे होती, आणि लिथियम-आयन बॅटरी तर सोनीने १९९१ मध्येच बाजारात आणली होती. त्या वर्षांचे मोठे काम म्हणजे वेगवेगळ्या क्षेत्रांत तयार होऊन बसलेले हे सगळे एका खिशात मावेल असे एकत्र आणणे. ते एकदाच करता येण्याजोगे काम होते आणि ते झाले. ज्यांनी तो काळ जवळून पाहिला, त्यांना तोच वेग नेहमीचा वाटला. पण कोणत्याही यंत्राच्या आयुष्यात अशी धावपळीची वर्षे एकदाच येतात आणि पुढे सुधारणांचा लांब, संथ काळ सुरू होतो.

एकत्र आणण्यासारखे बहुतेक सगळे आणून झाल्यावर फोन बनवणाऱ्यांची गाठ थेट पदार्थविज्ञानाशी पडली. पडद्याचेच उदाहरण घ्या. पहिल्या आयफोनच्या पडद्यावर दर इंचात १६३ बिंदू होते. तीन वर्षांनी, २०१० च्या आयफोन ४ मध्ये, ते ३२६ झाले. तो बदल पाहणाऱ्याला धक्का बसावा असाच होता, कारण अक्षरांच्या कडांवरचे चौकोनी दात एकाएकी दिसेनासे झाले. पण निरोगी डोळ्याला साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. फोन डोळ्यांपासून तीस सेंटिमीटरवर धरला तर हा हिशोब दर इंचाला सुमारे २९० बिंदूंवर येऊन थांबतो. त्यानंतर आकडे पाचशेच्या पुढे गेले, तरी पाहणाऱ्याला तसा धक्का पुन्हा बसणे शक्यच नव्हते. पडदे पुढेही सुधारत राहिले, म्हणजे अधिक उजळ झाले, उन्हात नीट दिसू लागले, हालचाल अधिक सुरळीत दाखवू लागले. पण डोळ्याची मर्यादा ओलांडल्यावर मिळणारी सुधारणा ही नेहमी अशी थोडीथोडीच असते.

कॅमेऱ्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि अधिक रंजकही. छायाचित्राचा दर्जा मुख्यतः किती प्रकाश गोळा होतो यावर ठरतो, आणि त्यासाठी मोठा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) व त्याच्यापासून पुरेशा अंतरावर मोठी लेन्स लागते; फोनच्या जाडीत या दोन्हींना जागा नाही. म्हणूनच फोनच्या पाठीवरचा कॅमेऱ्याचा उंचवटा दर वर्षी थोडा वाढताना तुम्ही पाहिला असेल. दुसरीकडे मेगापिक्सेलचे, म्हणजे चित्रातल्या बिंदूंच्या (पिक्सेलच्या) दहा-दहा लाखांत मोजलेल्या संख्येचे, आकडे फुगत गेले. सॅमसंगच्या २०२३ च्या गॅलक्सी एस२३ अल्ट्रामध्ये २०० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि त्यातला प्रत्येक पिक्सेल ०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे लाल प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान आहे. एरवी हा फोन सोळा पिक्सेल एकत्र करून एक बनवतो आणि तुम्हाला साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतो. या रचनेमागे चांगले अभियांत्रिकी विचार आहेत, त्यामुळे तिला फसवणूक म्हणता येणार नाही. पण जाहिरातीतला आकडा पाहून फोन घेणाऱ्याला हे कोणी समजावून सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रोसेसरबाबत, म्हणजे फोनची सगळी गणिते करणाऱ्या चिपबाबत, एवढेच सांगते की फोनला पंखा नसतो. आत निर्माण होणारी उष्णता काचेतून आणि कडांमधून बाहेर जाते, त्यामुळे मोजक्या वॉटपलीकडची वीज फोन फार वेळ सतत वापरू शकत नाही. चिप बनवण्याची प्रक्रिया २०१३ मध्ये २८ नॅनोमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टप्प्यावर होती (आकडा जितका लहान, तितके चिपमधले भाग सूक्ष्म), ती २०२३ मध्ये ३ नॅनोमीटरवर आली, म्हणजे तिथली प्रगती थांबलेली नाही. फक्त संदेश, नकाशे, बँकेचे व्यवहार आणि व्हिडिओ यांसाठी लागणारी शक्ती तुमच्या फोनमध्ये आधीच आहे, म्हणून वाढलेली शक्ती तुमच्यापर्यंत पोहोचत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाकडे वळते. नवे म्हणजे हातात घेताच जाणवणारे, असे तुम्ही धरून चालला आहात. रात्रीच्या छायाचित्राचे पाहा. २०१८ च्या शेवटी गुगलने आपल्या पिक्सेल नावाच्या फोनांसाठी नाइट साइट नावाची सोय आणली. अंधारात तुम्ही बटण दाबता आणि फोन स्थिर धरून ठेवता, त्या काही क्षणांत फोन पंधरापर्यंत वेगवेगळ्या फ्रेम, म्हणजे सुटी छायाचित्रे, टिपतो, तुमच्या हाताच्या कंपाने प्रत्येक फ्रेम किती सरकली आहे ते मोजून त्या एकमेकींवर बसवतो, मधूनच चालत गेलेल्या माणसाचा भाग ओळखून तो इतर फ्रेमांत मिसळू देत नाही, आणि उरलेल्या माहितीची सरासरी काढून अंधारातला खरखरीतपणा कमी करतो. लेन्स तीच, सेन्सर तोच, पण पूर्वी जिथे काळा चौकोन मिळत असे तिथे चेहरे ओळखू येऊ लागले. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की ही सोय २०१६ च्या पहिल्या पिक्सेललाही केवळ अपडेटमधून मिळाली. ज्याने नवा फोन घेतला नाही, त्याच्याही हातात नवा शोध आला. हा बदल कोणत्याही दुकानातल्या काचेमागे ठेवून दाखवता येण्याजोगा नव्हता.

अशीच आणखी काही कामे शांतपणे झाली आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरपासून आयफोन १४ वरून, मोबाइलचे जाळे नसलेल्या ठिकाणाहून, थेट उपग्रहाकडे मदतीचा संदेश पाठवता येऊ लागला. सुरुवात दोन देशांपासून झाली आणि मग ती सोय इतरत्र पसरली. खिशातल्या, बाहेर अँटेना नसलेल्या उपकरणाने हजारहून अधिक किलोमीटरवरून वेगाने जाणाऱ्या उपग्रहाशी संवाद साधावा, हे मला तरी पहिल्या टचस्क्रीनपेक्षा कमी विलक्षण वाटत नाही. बॅटरीतही बरीच वर्षे रखडलेली वाट आता मोकळी होते आहे. सिलिकॉनमध्ये वजनाच्या मानाने, नेहमीच्या बॅटऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या ग्राफाइटच्या सुमारे दहापट लिथियम साठवता येते, हे संशोधकांना पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण अशी होती की चार्ज होताना सिलिकॉन फुगून तिपटीहून मोठे होते आणि काही वेळा वापरल्यावर त्याचा भुगा होतो. कार्बनच्या सांगाड्यात सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण बसवून हे फुगणे आवाक्यात आणले गेले, २०२३ मध्ये ऑनर या चिनी कंपनीने अशा बॅटरीचा फोन बाजारात आणला आणि त्यानंतर अनेक चिनी कंपन्यांच्या फोनांमध्ये, जाडी न वाढवता, सहा-सात हजार मिलीअँपिअर-तासांच्या बॅटऱ्या दिसू लागल्या.

आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल कोणत्याही भागात झालेला नाही, तो फोनच्या आयुष्यात झाला आहे. पूर्वी बहुतेक अँड्रॉइड फोनांना दोन-तीन वर्षेच अपडेट मिळत आणि यंत्र धडधाकट असूनही ते असुरक्षित होऊन बाजूला पडत. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलने पिक्सेल ८ साठी आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. युरोपीय संघात जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, मॉडेलची विक्री बंद झाल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवावे लागतात, आणि बॅटरीने आठशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, अशी अपेक्षा आहे. हे सगळे शक्य झाले याचे एक कारण तुम्ही ज्याची तक्रार करता आहात तेच आहे. दर दोन वर्षांनी यंत्राचे रूप पालटत होते तोवर सात वर्षांचे वचन कोणी देऊ शकत नव्हते, आणि दिले असते तरी ते कोणाला नको होते.

तरीही कंपन्यांना मी मोकळे सोडणार नाही. वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करायचा आणि लहानशा सुधारणेला क्रांती म्हणायचे, या सवयीनेच तुमच्यासारख्या जाणत्या ग्राहकाचा विश्वास कमी केला आहे. हेडफोनची खाच काढली गेली, मेमरी कार्डाची जागा अनेक फोनांतून गेली, आणि तुमचे भरलेले स्टोरेज हा त्यांतल्या दुसऱ्या निर्णयाचाच परिणाम असू शकतो. प्रयोग करणारेही कमी झाले. सुटे भाग जोडून फोन बनवण्याचा गुगलचा प्रकल्प आरा २०१६ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी बदलता येणाऱ्या भागांचा फोन आणणारी एलजी २०२१ मध्ये या व्यवसायातूनच बाहेर पडली. वेगळा विचार करणारे दोन-चार स्पर्धक बाजारात असणे ग्राहकाच्या हिताचे असते, आणि आज ते पूर्वीपेक्षा कमी आहेत. ही मंदी मला खरी आणि काळजीची वाटते.

आता तुमच्यापुढच्या पर्यायांकडे येते. पहिला पर्याय वाट पाहण्याचा. थांबायला काही मोजावे लागत नाही, असे तुम्ही धरले आहे. पण तुम्ही रोज संध्याकाळी चार्जर शोधता, जागा करण्यासाठी जुनी छायाचित्रे खोडता आणि बाहेर पडताना फोन पुरेल की नाही याचा अंदाज घेता, हीच त्या थांबण्याची किंमत आहे. शिवाय, ज्या गोष्टीची तुम्ही वाट पाहता आहात, तिचे वर्णन तुम्हाला करता येईल का? कागदावर एक वाक्य लिहून पाहा: "फोनने अमुक केले, तर मी तो लगेच घेईन." वाक्य पूर्ण झाले, तर ती सोय कुठे उपलब्ध आहे ते शोधता येईल. पूर्ण झाले नाही, तर तुम्ही फोनची नव्हे, पूर्वीच्या त्या उत्सुकतेची वाट पाहता आहात, आणि ती कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.

घडीच्या फोनाविषयी तुम्ही विचारले ते योग्यच आहे, कारण रूप पालटण्याचे काम सध्या तिथेच चालू आहे. सॅमसंगचा पहिला गॅलक्सी फोल्ड २०१९ मध्ये आला तेव्हा परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनांचे पडदे बिघडले आणि विक्री एप्रिलवरून सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. तो मिटल्यावर बिजागरीपाशी सुमारे सतरा मिलिमीटर जाड होता आणि त्याचे वजन २६० ग्रॅमहून अधिक होते. २०२५ च्या झेड फोल्ड ७ ची मिटलेली जाडी ८.९ मिलिमीटर आणि वजन २१५ ग्रॅम आहे. सहा वर्षांत ही प्रगती मोठीच म्हणावी लागेल. मात्र तुमच्या तक्रारी बॅटरीच्या आणि जागेच्या आहेत. घडीच्या फोनात बॅटरी दोन पातळ भागांत विभागावी लागते, आतला पडदा साध्या काचेपेक्षा नाजूक असतो आणि त्याची दुरुस्ती खर्चिक असते. लांबलचक कागदपत्रे वाचणे, दोन ॲप शेजारी उघडून काम करणे, नकाशे किंवा तक्ते पाहणे हे तुमचे रोजचे काम असेल, तर तो फोन तुमच्यासाठी आहे. केवळ काहीतरी वेगळे हातात असावे म्हणून घेतलात, तर त्याचे अप्रूप संपल्यावर हाती जड फोन आणि दुरुस्तीची काळजी उरेल, अशी मला भीती वाटते.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी फोन बदलण्याची घाई करू नका, असे मी स्पष्ट सांगेन. तिचे महत्त्व मी कमी लेखत नाही. संभाषणाचे भाषांतर, लांब मजकुराचा सारांश, छायाचित्रातला नको असलेला भाग काढणे या सोयी उपयोगी आहेत, आणि ज्यांना नीट दिसत किंवा ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर त्या फार मोलाच्या ठरू शकतात. पण यांतल्या अनेक सोयी दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि साध्या ॲपमधून तुमच्या चार वर्षांच्या फोनवरही वापरता येतात. नव्या फोनची खरोखर गरज लागते ती हे काम फोनमध्येच, माहिती बाहेर न पाठवता करायचे असेल तेव्हा. आणि त्यासाठी किती मेमरी, कशी चिप लागेल याची गणिते अजून दर वर्षी बदलत आहेत. आधी आहे त्या फोनवर या सोयी महिनाभर वापरा. त्यांतली एखादी रोजच्या कामाची ठरली आणि ती फोनमध्येच चालावी असे वाटले, तर तेव्हा विचार करा.

तुमच्या फोनसाठी मी आधी बॅटरी बदलायला सांगेन. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जबरोबर थोडी थोडी झिजते. पूर्वीच्या आयफोनांच्या बॅटऱ्या पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर ८० टक्के क्षमता राखतील अशाच बेताने बनवल्या जात. चार वर्षांत तुम्ही ही संख्या बहुधा केव्हाच ओलांडली असेल. झिजलेली बॅटरी फक्त लवकर संपत नाही; एखादे जड ॲप उघडल्यावर लागणारी वीज तिला क्षणात पुरवता येत नाही, त्यामुळे फोन अडखळतो किंवा अचानक बंद पडतो, आणि आपण दोष प्रोसेसरला देतो. या एका भागाचा परिणाम किती मोठा असतो याची साक्ष खुद्द ॲपलने दिली आहे. जुन्या बॅटरीचे फोन आपण मंदावतो, हे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केल्यावर कंपनीने २०१८ हे वर्षभर बॅटरी कमी दरात बदलून दिल्या, आणि २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात, अपेक्षेपेक्षा कमी लोकांनी नवा आयफोन घेतल्याच्या कारणांमध्ये या स्वस्त बॅटरी बदलाचाही उल्लेख केला. म्हणजे कितीतरी लोकांना नव्या फोनची गरज नव्हतीच.

फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दिसत असेल तर ती पाहा. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर शंका घेण्याचे कारणच उरत नाही. बदल अधिकृत सेवा केंद्रात किंवा मूळ प्रतीचा भाग वापरणाऱ्या, ओळखीच्या दुरुस्ती करणाऱ्याकडे करून घ्या आणि त्याआधी संपूर्ण बॅकअप घ्या. पाठ फुगलेली दिसत असेल तर तो फोन चार्जला लावू नका आणि वाट न पाहता दाखवा. स्टोरेजसाठी, छायाचित्रे आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर एकदा उतरवून घ्या, आणि संदेशांच्या ॲपमध्ये आपोआप साठणारे व्हिडिओ किती जागा अडवून बसले आहेत ते तपासा. बहुतेक फोनांमध्ये मोठा साठा तिथेच सापडतो.

मात्र हे करण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी लागेल, आणि माझ्या मते फोन बदलण्याचा खरा निकष तीच आहे: तुमच्या मॉडेलला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार आहेत? कंपनीच्या संकेतस्थळावर ही माहिती असते. ही मुदत तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून मोजली जात नाही, सहसा मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजली जाते. दीड-दोन वर्षे शिल्लक असतील तर नवी बॅटरी हा निर्विवाद चांगला निर्णय आहे. मुदत संपली असेल किंवा संपत आली असेल, आणि याच फोनवरून तुम्ही बँकेचे व्यवहार करत असाल, तर मात्र वेगळे काही आलेले नसले तरी फोन बदला. अशा वेळी अगदी ताजे मॉडेल घेण्याची गरज नाही. शोधांचा वेग मंदावल्याचा ग्राहकाला होणारा सर्वांत थेट फायदा हाच आहे की मागच्या वर्षीचा वरच्या श्रेणीतला फोन यंदाच्या फोनपेक्षा वापरात फारसा मागे नसतो आणि पुष्कळ कमी किमतीत मिळतो. फक्त त्याची अपडेटची मुदत एका वर्षाने कमी झालेली असते, तेवढे गणित मांडून घ्या.

हे उत्तर वाचणाऱ्या ज्यांचा फोन सहा-सात वर्षांचा आहे, त्यांची परिस्थिती तुमच्याहून निराळी आहे. फोनमध्ये नवे काही घडत नाही, असे समजून त्यांनी थांबू नये. त्यांच्या फोनच्या आणि आजच्या मध्यम किमतीच्या फोनच्या दरम्यान पडदा, कॅमेरा, चार्जिंग आणि सुरक्षा या सर्वच बाबतींत फरक साचलेला आहे, आणि तो त्यांना पहिल्याच दिवशी जाणवेल. दर वर्षी पाहणाऱ्याला जे बदल नगण्य वाटतात, ते सहा वर्षांनी एकदम पाहणाऱ्याला मोठे दिसतात.

राहिला तुमच्या उत्साहाचा प्रश्न. तो आटला आहे असे मला वाटत नाही. उत्साह आटलेला माणूस दर वर्षी नवी मॉडेल हाताळून पाहत नाही आणि असे लांबलचक पत्रही लिहीत नाही. पूर्वी कुतूहलाला खाद्य फोनच्या बाह्यरूपात मिळत होते. आता ते बॅटरीच्या रसायनात, छायाचित्रामागच्या गणितात, उपग्रहाशी जोडणाऱ्या अँटेनात आणि यंत्र उघडून दुरुस्त करता यावे म्हणून चाललेल्या प्रयत्नांत आहे. तिथे लक्ष वळवलेत तर पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही. मित्रमंडळी अजूनही तुम्हाला विचारत असतील, तर त्यांना कॅमेऱ्याचे आकडे सांगण्याऐवजी या मॉडेलचे अपडेट कधी संपतात, बॅटरी बदलणे किती सोपे आहे आणि सुटे भाग मिळतात का, हे शोधून सांगा. ही माहिती काढायला जाणता माणूसच लागतो.

बॅटरी बदलून सहा महिने फोन वापरल्यावरही नवा घ्यावासा वाटला, तर तो खुशाल घ्या. आवडीने घेतलेल्या वस्तूसाठी जगातल्या कोणत्याही शोधाचे कारण द्यावे लागत नाही. जुना फोन मात्र खणात पडू देऊ नका. त्यातली सगळी माहिती पुसून, खात्यातून त्याचे नाव काढून, अपडेटची मुदत शिल्लक असतानाच तो कोणाला तरी वापरायला द्या.